भिंतीला ओल आली, आता बोलवायचं कुणाला? घरदुरुस्तीसाठी खात्रीचा कारागीर शोधताना

आमच्या बेडरूमच्या भिंतीचे पोपडे पहिल्यांदा सुटले तेव्हा मी रंगाऱ्याला बोलावलं. पोपडे रंगाचे, म्हणून रंगारी, एवढाच विचार. त्याने भिंत घासली, लांबी (पुट्टी) भरली, एक महागडा डबा आणायला लावला आणि दोन हात मारून गेला. चार महिन्यांत त्याच जागी तोच नकाशा पुन्हा उमटला. मग वॉटरप्रूफिंगवाला आला. त्याने बाथरूमच्या टाइल्सचे सगळे सांधे खरवडून त्यात इपॉक्सी भरलं. ओल तशीच. शेवटी शेजारच्या काकांकडे येणारा एक वयस्कर प्लंबर आला. त्याने हत्यारांची पिशवी उघडलीसुद्धा नाही. “तुम्ही गावाला जाता तेव्हा ओल कमी होते का?” एवढंच विचारलं. होत नव्हती. “मग हे सांडपाणी नाही, दाबाचं पाणी आहे,” म्हणाला. भिंतीत गाडलेल्या पाइपचा एक एल्बो (वळणाचा जोड) झिरपत होता. दोन टाइल्स फुटल्या आणि अर्ध्या दिवसात काम संपलं.

आधीचे दोघे लबाड नव्हते. रंगाऱ्याला रंगाचा उपाय दिसला, वॉटरप्रूफिंगवाल्याला सांध्यांचा. ज्याला बोलवाल तो त्याच्या पिशवीतलंच औषध देणार. त्यामुळे चांगला माणूस कुठे मिळेल हा प्रश्न दुसरा. बिघाड कुठल्या जातीचा आहे, हा पहिला.

आधी दुखणं ओळखा

ओलीपासूनच सुरुवात करू, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा सर्वांत जास्त पैसा तिथेच वाया जातो. स्वतःला तीन प्रश्न विचारा. ओल फक्त पावसाळ्यात येते का? तसं असेल तर संशय बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर किंवा गच्चीवर. बाथरूम चार-पाच दिवस बंद ठेवल्यावर ती कमी होते का? होत असेल तर गळती टाइल्सच्या सांध्यांतून, नहाणी ट्रॅपमधून (फरशीवरचं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्यातून) किंवा सांडपाण्याच्या पाइपमधून आहे. कशानेच कमी होत नाही, बारा महिने सारखीच? मग नळाच्या लाइनकडे बघा. त्या बाथरूमचा व्हॉल्व्ह दोन-तीन दिवस बंद ठेवून फरक पडतो का पाहा. स्वतंत्र मीटर असेल तर आणखी सोपं: सगळे नळ बंद करा आणि मीटर फिरतोय का बघा. भिंत लगेच सुकत नाही हे लक्षात ठेवा. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली की डाग वाढतोय की थांबलाय हे अंदाजाने सांगावं लागत नाही.

वरच्या मजल्याचा संशय असेल तर त्यांच्या नहाणीला बोळा लावून फरशीवर इंचभर पाणी २४ तास ठेवायला सांगा, शक्य असेल तर रंग घालून. खाली रंगीत थेंब आला की वाद मिटतो. ही विनंती गोडीगुलाबीने करा. ‘तुमच्यामुळे’ या शब्दाने सुरुवात झाली की पुढचे सहा महिने जिन्यात नमस्कारसुद्धा होत नाही.

विजेचंही असंच आहे. बोर्डावरचा खटका पडला म्हणजे नेमका कुठला पडला? एमसीबी (एकेका लाइनचा छोटा खटका) पडत असेल तर लोड जास्त झालाय किंवा शॉर्ट आहे. आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा खटका) पडत असेल तर कुठून तरी करंट गळतोय, आणि बऱ्याचदा तो गुन्हेगार गिझर असतो. सगळे एमसीबी खाली करा, मग एकेक वर करत जा. जो वर केल्यावर आरसीसीबी पडतो ती लाइन सदोष. याच्यापुढे काही उघडू नका. पण “हॉलची लाइन ठीक आहे, बाथरूमची लावली की पडतो” एवढं फोनवर सांगता आलं, तर वायरमन योग्य सामान घेऊन येतो आणि तुम्हाला गंडवणंही जरा अवघड जातं.

एक अपवाद ठळकपणे सांगतो. स्लॅबचा किंवा बीमचा तुकडा पडून आतली गंजलेली सळई दिसत असेल, तर गवंड्याला बोलावून ते लिंपून घेऊ नका. तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग गवंडी. जुन्या वाड्यातली किंवा चाळीतली भिंत पाडायची असेल तरी हाच क्रम, कारण तिथे बहुतेक वेळा भिंतच वरचा भार पेलत असते.

पाकिटात हात घालण्याआधी

काही कामं मुळात तुमच्या खर्चाची नसतात. इमारत नवी असेल तर रेरा कायदा, २०१६ (बिल्डर आणि घरखरेदीदार यांच्यासाठीचा कायदा) आठवा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीचा दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. ईमेल करा, फोटो जोडा, पोच जपून ठेवा. दुरुस्ती आधी उरकून बिल नंतर पाठवलं तर भांडण लांबतं.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइप यांची दुरुस्ती सोसायटीने करायची. तुमच्या संडास-बाथरूममधून झिरपणारं पाणी ही तुमची जबाबदारी. काम सुरू करण्याआधी सोसायटीला अर्ज द्या. तोडफोडीच्या वेळा, लिफ्टमधून सामान नेण्याचे नियम, राडारोडा कुठे ठेवायचा, अनामत किती, हे आधी कळलं तर पहिल्याच दिवशी वॉचमन गोण्या अडवत नाही.

माणूस शोधायचा कुठे

माझा अनुभव असा, की सर्वांत भरवशाचा पत्ता आपल्याच बिल्डिंगमध्ये असतो. सोसायटीच्या पंपावर आणि टाक्यांवर काम करणाऱ्या प्लंबरला तुमच्या डक्टमधले (पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीतले) पाइप कुठून कुठे जातात हे पाठ असतं. शिवाय त्याला उद्या परत त्याच गेटमधून यायचं असतं, त्यामुळे तो सहसा काम अर्धवट टाकून पळत नाही.

दुसरी चांगली जागा म्हणजे आसपास चालू असलेलं काम. एखाद्या फ्लॅटमध्ये टाइल्स बसत असतील तर घरमालकाला विचारून आत डोकावून या. गवंड्याचा हात डोळ्यांनी बघायला मिळतो: सांधे एका रेषेत आहेत का, नहाणीकडे उतार आहे का, काम संपल्यावर थापी-घमेलं धुऊन ठेवतो का. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. हत्यारं स्वच्छ ठेवणाऱ्याने माझं काम बिघडवल्याचं मला आठवत नाही.

हार्डवेअरचं दुकान हाही जुना मार्ग. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कोण वेळेवर पैसे देतं आणि कोणाचं सामान रोज परत येतं, हे सगळं ठाऊक असतं. फक्त एक लक्षात ठेवा: दुकानदार आणि कारागीर यांच्यात कमिशन असू शकतं. काही रंग कंपन्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकनही घालतात. त्यात फार वाईट वाटून घेण्यासारखं नाही, पण “हाच ब्रँड, याच दुकानातून” असा हट्ट दिसला की दुसऱ्या दुकानात भाव विचारून या.

मजूर अड्ड्यावरून किंवा नाक्यावरून माणूस आणायचा तो राडारोडा उचलायला, खोदायला, सामान वर चढवायला. तिथे उत्तम गवंडीही उभे असतात, पण सकाळी आठ वाजता दहा मिनिटांत ते ओळखणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. ॲपवरून येणारा माणूस छोट्या, ठरलेल्या कामाला बरा: नळ बदलणं, पंखा लावणं, गिझर साफ करणं. दर आधी कळतो आणि तक्रारीला जागा असते. पण गळतीचा शोध हे तासाच्या हिशेबात बसणारं काम नाही.

वॉशिंग मशीन, फ्रिज यांच्या दुरुस्तीसाठी कंपनीचा नंबर नेटवर शोधू नका. वर दिसणारे काही नंबर फसवणूक करणाऱ्यांचे असतात. वॉरंटी कार्डावरचा किंवा यंत्राच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर घ्या. ‘नोंदणीसाठी १० रुपये’ म्हणून लिंक आली तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

कागद कुणाकडे मागायचा? गवंड्याकडे, सुताराकडे प्रमाणपत्र मागण्यात अर्थ नाही, बहुतेकांची विद्या बापाकडून किंवा उस्तादाकडून आलेली असते. विजेच्या बाबतीत मात्र आग्रह धरा. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेला माणूस वेगळा उठून दिसतो. घराचं सगळं वायरिंग बदलायचं असेल किंवा लोड वाढवायचा असेल, तर राज्य सरकारचा परवाना असलेला विद्युत कंत्राटदारच हवा. पाइप गॅसच्या लाइनला तर गॅस कंपनीच्या माणसाशिवाय कुणाचाही हात लागू देऊ नका, मग ट्रॉली बसवणारा सुतार कितीही म्हणो, “साहेब, दोन मिनिटांचं काम आहे.”

कधी बोलवायचं

गच्चीचं काम मार्च-एप्रिलमध्ये सुरू व्हायला हवं. मे महिन्यात शोधायला निघालात तर चांगला माणूस मोकळा नसतो, आणि मोकळा असलेला माणूस तुम्हाला नको असतो. रंगाऱ्यांची झुंबड दिवाळीच्या आधी असते. तेव्हा भावही चढतो आणि हातही घाईत चालतो. जानेवारी-फेब्रुवारीत तेच काम निवांत होतं, भिंतीही कोरड्या असतात. कारागीर कुठला आहे हेही विचारून घ्या. कोकणातला असेल तर गणपतीला आणि शिमग्याला जाणारच. उत्तरेकडचा होळीला, छठला. तो जाणार हे गृहीत धरून तारखा ठरवल्या की ‘पळून गेला’ असं म्हणायची वेळ येत नाही.

घरी बघायला आल्यावर

तुम्ही त्याची परीक्षा घ्यायची असं नाही, तो काय विचारतो ते ऐका. इमारत किती वर्षांची? वर कोण राहतं? हे आधी कुणी दुरुस्त केलं होतं का? पाइप जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) की प्लास्टिकचे? चांगला माणूस भिंत ठोकून पाहतो, डक्टमध्ये वाकून पाहतो, आणि कधीकधी “फोडल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही” असं म्हणतो. हे वाक्य ऐकून लोक नाराज होतात. मला उलट धीर येतो. दारातूनच नजर टाकून “होऊन जाईल, दहा वर्षांची गॅरंटी” म्हणणाऱ्याला मी चहा देऊन निरोप देतो.

त्याने केलेलं जुनं काम बघायला मागा. गेल्या आठवड्यातलं काम चकचकीतच दिसणार. वॉटरप्रूफिंग असेल तर निदान एक पावसाळा गेलेलं काम बघा. त्या घरमालकाला “काम कसं झालं?” असं मोघम विचारलं की “चांगलं झालं” हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी विचारा: शेवटचा हिशेब ठरल्याप्रमाणे झाला का, मधे वाढला का? काम झाल्यावर काही बिघडलं तेव्हा फोन उचलला का? बोलणी ज्याच्याशी झाली तोच कामाला आला, की दुसरीच मुलं पाठवली? तिसऱ्या प्रश्नात बरंच काही बाहेर येतं. मिस्त्री कसलेला, पण तो चार साइटवर फिरतो आणि तुमच्या घरी महिन्याभरापूर्वी शिकायला लागलेला पोरगा, ही तक्रार घरोघरी आहे.

नव्या माणसाला आधी छोटं काम द्या. गळका फ्लश, सैल दार, एक बंद पॉइंट. दोनशे-चारशे रुपयांत तो वेळ पाळतो का, कचरा उचलतो का, उरलेलं सामान परत देतो का, हे कळतं. मग बाथरूम त्याच्या ताब्यात द्या.

रोजाने की उक्तं

इथे मराठी घरांत दोन पक्ष असतात. रोजाने दिलं तर काम लांबतं, उक्तं, म्हणजे कामाचा भाव आधी ठरवून दिलं, तर काम उरकलं जातं. दोन्ही खरं आहे. माझा नियम असा: बिघाड शोधायचा असेल, किती फोडावं लागेल हे माहीत नसेल, तर रोजाने. मोजता येणारं काम, म्हणजे रंग, टाइल्स, फॉल्स सीलिंग, हे उक्तं, मापावर.

उक्त्या कामात मोजमाप कसं धरणार ते आधी ठरवा. रंगाचा दर भिंतीच्या चौरस फुटावर की फ्लॅटच्या कार्पेटवर? दारं-खिडक्या वजा करणार का? किती हात? लांबी एक की दोन? टाइल्समध्ये स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) रनिंग फुटावर वेगळं लागतं. जुनी फरशी काढणं, राडारोडा खाली नेणं आणि तो टेम्पोने हलवणं हे तीन वेगळे खर्च आहेत. दरात यातलं काय धरलंय ते विचारलं नाही, तर शेवटी तिन्ही तुमच्या डोक्यावर. तीन जणांकडून भाव घ्या, पण तिघांनाही एकच लिहिलेली यादी देऊन. नाहीतर एकजण प्रायमर धरून सांगतो, दुसरा सोडून, आणि तुम्ही स्वस्त म्हणून दुसऱ्याला निवडता.

सामानासह द्यायचं की फक्त मजुरीवर? वेळ असेल तर सामान स्वतः आणा. मुंबईत विजेच्या सामानाला लोहार चाळ आहे, पुण्यात प्लायवूडला भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. सामानासह द्यायचं असेल तर ‘चांगल्या कंपनीचं’ असं लिहू नका, नेमकं लिहा. ओलीच्या जागी प्लाय आयएस (भारतीय मानक) ७१० चा, वायर आयएस ६९४ ची, गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप आयएस १५७७८ चा. गिझरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटला निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, एसीला सहसा ४. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा. सिमेंटच्या गोणीवर कुठल्या आठवड्यातलं, कुठल्या सालातलं उत्पादन ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी परत पाठवा.

हे सगळं व्हॉट्सॲपवर एका मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि “हो, बरोबर” असं उत्तर मागा. स्टँपपेपर काढलात तर साधा माणूस बिचकतो. मेसेजला कुणी बिचकत नाही आणि उद्या वेळ आली तर तोच पुरावा होतो.

पैसे

पूर्ण रक्कम आधी कधीच नाही. सामान तुमचं असेल तर ॲडव्हान्स १० टक्के पुरे. सामान त्याचं असेल तर ते घरात येऊन पडेल तसे पैसे. मधले हप्ते कामाच्या टप्प्यावर बांधा: फोडून पाइप बदलून झाले, वॉटरप्रूफिंगचा कोट सुकून पाण्याची चाचणी झाली, टाइल्स बसल्या. “आठवड्याला इतके” असा हप्ता लावला तर आठवडे सरतात आणि काम जागेवरच राहतं. शेवटचे १० टक्के मागे ठेवा आणि कधी देणार ते पहिल्याच दिवशी सांगा. आधी न सांगता शेवटी अडवून धरणं ही आपली लबाडी झाली. आणि शनिवारी संध्याकाळी माणसांचा पगार करायचा असतो म्हणून त्याने ठरलेले पैसे मागितले, तर “सोमवारी बघू” म्हणू नका. चांगल्या मिस्त्रीला निवडीला जागा असते. पैशाला त्रास देणाऱ्या घरी तो दुसऱ्यांदा येत नाही.

साधा प्लंबर जीएसटीचं बिल देत नाही म्हणून त्याला चोर समजू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला नोंदणी सहसा लागतच नाही. वहीच्या पानावर तारीख, काम आणि रक्कम लिहून सही घ्या, पैसे शक्यतो यूपीआयने द्या.

काम चालू असताना

खोली आपण रिकामी करून द्या. दागिने, कागदपत्रं, सुटे पैसे उचलून ठेवा. संशय घेण्यापेक्षा संशयाला जागाच न ठेवणं दोघांच्या सोयीचं. घरी एकट्या आजी असतील तर कोण येणार, किती वाजता, हे शेजारी आणि वॉचमनला सांगून ठेवा. कामगारांना संडास कुठला वापरायचा ते पहिल्या तासातच सांगा. हा विषय टाळणारी घरं मी पाहिलीत, आणि मग दुपारी माणूस अर्धा तास गायब का होतो म्हणून चिडणारीही तीच. बाहेरच्या भिंतीला दोरीवर किंवा परांचीवर चढणाऱ्या माणसाला सुरक्षा पट्टा हवाच. पट्टा नसेल तर त्या दिवशी काम बंद ठेवा.

भिंतीत काहीही गाडण्याआधी फोटो काढा, शेजारी टेप धरून. पाइप जमिनीपासून किती उंचीवर, कोपऱ्यापासून किती अंतरावर, हे पाच वर्षांनी आरसा लावायला ड्रिल मारताना उपयोगी पडतं. नव्या पाइपांत दाबाने पाणी भरून रात्रभर ठेवल्याशिवाय प्लास्टर करू देऊ नका. वॉटरप्रूफिंगनंतर ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या घराचं छत बघून या. प्लास्टरला सात दिवस पाणी मारायला लागतं. उक्तं काम घेतलेला गवंडी त्यासाठी रोज येणार नाही, तेव्हा बादली-मग तुमच्या हातात. वायरिंग झाल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण त्याच्यासमोर दाबा. खटका पडायलाच हवा.

मधेच “साहेब, हेही करून घेऊ, उघडलंच आहे तर” असं येणारच. बऱ्याचदा तो सल्ला बरोबरही असतो. फक्त रक्कम त्याच क्षणी विचारून त्याच मेसेजखाली लिहा.

बिनसलंच तर

आधी फोटो पाठवा, मग शांतपणे बोला, दुरुस्तीसाठी तारीख द्या. बहुतेक जण येतात. मोठी रक्कम अडकली असेल आणि समोरचा दादच देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पैसे घेऊन केलेलं काम ही सेवाच आहे, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, मुदत २ वर्षांची. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तिथे तुमचा तो व्हॉट्सॲप मेसेज, यूपीआयच्या नोंदी आणि टेप धरून काढलेले फोटो कामाला येतात.

काम नीट झालं असेल तर नंबर फोनमध्ये ‘प्लंबर’ एवढ्याच नावाने ठेवू नका. माझ्याकडे असे चार ‘प्लंबर’ आणि दोन ‘प्लंबर नवीन’ होते. आता नावापुढे काम आणि साल लिहितो, आणि तीच यादी वीज मीटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. लाइट गेल्यावर, मोबाइलची बॅटरी संपलेली असताना, ती टॉर्चच्या उजेडात वाचता येते.